हॉलमधला रेडिओ आणि अर्धा आकडा

बाबांनी बसवलेला कपॅसिटर आज मी काढून टाकला.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

बाबा सातपूरच्या कंपनीतून आले की आधी चहा, मग लगेच व्हॉल्व्हचे जुने रेडिओ. येवला, घोटी, कुठून कुठून लोक दुरुस्तीला घेऊन यायचे.
शाळेत जायच्या आधीच मी रेझिस्टरवरचे रंग वाचायला शिकले, ते बाबांच्या मांडीवर बसून.

आमच्या हॉलमधल्या रेडिओत त्यांनी हा कपॅसिटर बसवला तेव्हा मी चौथीत होते. टॉर्च मी धरला होता.

कपॅसिटर आतून हळूहळू सुकतो. मग गाण्यामागे सतत घूं... असं हमिंग येतं.
बाबांच्या आजारपणात ते सुरू झालं.
"पुढच्या रविवारी बदलू," ते म्हणायचे.

ते गेले आणि मी रेडिओ लावलाच नाही. आईला सांगत राहिले, "पार्ट मिळत नाहीये."

खोटं होतं ते. पार्ट एमजी रोडवरून केव्हाच आणला होता. पण तो बसवायचा म्हणजे बाबांच्या हातचं काम तोडायचं. ते माझ्याने होईना.

आज सकाळी आईने तो पार्ट माझ्यासमोर ठेवला.
"तुझ्या ड्रॉवरमध्ये मिळाला. चार महिने झाले. म्हटलं, कधीतरी स्वतःहून सांगशील."
मला मान वर करवेना.
"अगं, बंद रेडिओ त्यांना बघवला असता का? बदल तो."

प्लग काढला. कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरवला. मीटर लावला. शून्य.
परत लावला. परत शून्य. परत लावला.
बाबा असते तर म्हणाले असते, "बाईसाहेब, प्लग माझ्या हातात आहे. आता तरी कामाला लागा!"

वाटलं होतं, वायर कापावी लागेल. पण सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि ती अलगद सुटून आली.
बाबांनी तिला वेढे दिलेच नव्हते. टोक हुकसारखं वाकवून अडकवलेलं, नुसता अर्धा आकडा.

कॉलेजात असताना यावरून मी त्यांच्याशी वाद घातला होता.
"बाबा, दोन वेढे द्या ना. पक्कं बसेल."
"पक्कं सोल्डरने बसतं. वेढे दिले की पुढच्याला काढताना त्रास. कपॅसिटर काय जन्मभर पुरतो का?"

पुढचा म्हणजे कुणीतरी मेकॅनिक, असं मी धरून चालले होते.

नवा कपॅसिटर जागेवर धरला. प्लस-मायनस चारदा बघितलं.
मीही अर्धाच आकडा घातला.

व्हॉल्व्ह तापायला वेळ लागला. मग भजन आलं. हमिंग अजिबात नाही.
आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. फक्त म्हणाली, "वाढव की जरा."

आवाज अगदी स्वच्छ आहे, बाबा.
ऐकायला तुम्ही हवे होतात.

तुम्हाला मनापासून नमस्कार.