दूध चालत नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा मला शहाणी समजूनच गेला. मुलाला नाही. देवाला तरी सांगितलं असेल म्हणाल, तर त्यालाही नाही. त्याच्याशी माझं बोलणं रक्तदाब आणि नातवंडांच्या परीक्षा एवढ्यापुरतंच.

मग आत्ताच का? कारण कडावला, रस्त्याच्या कडेला, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या नव्या दुकानावर पाटी रंगवायची आहे. रंगारी उद्या येणार. आणि त्या पाटीवर स्वतःचं नाव टाकू द्यायला जाऊबाई तयार नाहीत. सगळ्यांना वाटतं, लाजतात. खरं कारण मला एकटीला ठाऊक आहे — आणि मी गप्प. तुमच्यापाशी आधी बोलून बघते. जीभ जरा सैल होईल.

जाऊबाईंचं नाव भागीरथी. मी ताई म्हणते. आमच्या घरात दोन भाऊ: थोरला कडावला भातशेती आणि म्हशींत राहिला, धाकट्याला कर्जतला नोकरी लागली. धाकट्याची बायको ती मी. भिसेगावात घर, शाळेत भूगोलाची बाई. युरोप मी फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की इटलीचा बूट डोळे मिटून जमतो. ताईंनी त्या काळात म्हशी सांभाळल्या, दीर अकाली गेल्यावर तर एकटीनं. पहाटे धारा काढायच्या, कॅन टेंपोत चढवायचे. माझा मंदार सगळ्या सुट्ट्या त्यांच्याकडे काढायचा, त्यांना मोठी आई म्हणायचा. त्याची हाडं त्यांच्या दुधाची. हे तो अजून सांगतो.

म्हणूनच, फ्रँकफर्टला नोकरीत स्थिरावल्यावर त्यानं आम्हा दोघींना एकदम बोलावलं. नवऱ्याला विमानाची धास्ती, तो भिसेगावातच राहिला. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे अगदीच कोवळी. अक्कल फुटायची होती. निवृत्त होऊन वर्षही झालेलं नव्हतं, आणि मला वाटायचं, युरोप माझी वाट बघत थांबलाय. ताईंना तिथल्या गाई बघायच्या होत्या, बास.

मंदार ऑफिसच्या कामाला लिस्बनला पुढे गेला होता. आम्ही दोघींनी दोन दिवसांनी विमानानं तिकडे जायचं, समुद्र बघायचा, असं ठरलं. त्याचा फोन आला. म्हणाला, "आई, माझे पॉइंट साठलेत. एकच सीट बिझनेस क्लासची करता येतेय. मोठ्या आईची करू ना? तिचा गुडघा बघवत नाही."

मी काय म्हणाले? "तिलाच विचारते हो." किती समंजस!

ताई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. आता बघा — मी खोटं बोलायला म्हणून आत गेले नव्हते. निदान मला तसं वाटतं. पण मंदारनं "बिझनेस" म्हटल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे पलंगासारखी पसरणारी खुर्ची आली होती, हातात काचेचा पेला, आणि परत आल्यावर आमच्या निवृत्त बायांच्या भिशीत कुणी विचारलं की सहज, अगदी सहज म्हणायचं वाक्य. त्या वाक्याची मनात तालीमही करून झाली होती. अशा बाईला गुडघा कुठून दिसणार?

मी म्हणाले, "ताई, मंदार विचारतोय, पुढच्या बिझनेस वर्गात बसाल का?"

"बिझनेस म्हंजे काय गं?"

"बिझनेस म्हणजे धंदा. धंदेवाल्या लोकांचा वर्ग तो."

ताईंचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "मंग माझा हाय की गं धंदा! दुधाचा!"

इथं मी थांबायला हवं होतं. हसून "चला मग" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले — आणि आदरानं म्हणाले, अहो-जाहो करत, तेच तर वाईट — "ताई, तुमचं दूध तिथं चालत नाही. म्हशी पाळल्या म्हणजे का धंदा होतो? कंपनी असावी लागते, कागद विचारतात. उगाच सगळ्यांसमोर उठवलं तर?"

ताई पाकळी सोलता सोलता थांबल्या. "असं हाय काय," म्हणाल्या. मग हसल्या. "बरं झालं बाय, तू सांगितलंस. माझी नसती फजिती झाली असती. तूच बस."

मी मंदारला कळवलं, "नको म्हणते रे. लाजते."

एक खोटं पुढे, एक मागे. मधे मी, शिकलेली.

आता त्या बिझनेस वर्गाचं ऐका, म्हणजे तुम्हाला माझी कीव तरी येईल. विमानात शिरले तर पलंग कुठे? खुर्च्या मागच्यासारख्याच! तीन इकडे, तीन तिकडे, तेवढ्याच रुंदीच्या. फरक एवढाच की तीनातल्या मधल्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. ती रिकामी ठेवली की झाला बिझनेस! आणि मागे एक पडदा, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला लावायचो तसा, कड्यांवर सरकणारा. मग एका बाईनं चिमट्यात धरून पांढरीशुभ्र, वाफाळती गुंडाळी माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, यांची सुरळीची वडी. चावणार एवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या साहेबांनी आपली उलगडून तोंड पुसलं. जेवण चिनीमातीच्या ताटलीत आलं — गुलाबी मासा, थंड आणि चक्क कच्चा. मी कोकणातली बाई, मासा ताटात ठेवून उठले. जगात हेही बघायचं होतं.

हसलात? हसा. पण एवढ्यावर संपत नाही.

पडदा नीट ओढलेला नव्हता. फटीतून मला ताई दिसत होत्या. दोन धिप्पाड माणसांच्या मधे, साडीवर मंदारचा स्वेटर, दोन्ही हातांनी गुडघा धरलेला. समोरच्या खुर्चीच्या पाठीला तो टेकत होता. माझ्या शेजारी एक अख्खी खुर्ची रिकामी. गुडघा लांब करायला पुरेशी.

ताईंनी मला बघितलं. हात केला. ओठ हलले ते मला इतक्या लांबूनही कळले, "बरं हाय ना गं?"

आणि मी काय केलं असेल? उठले. पडद्यापाशी गेले. ती राहिलेली फट — मीच ओढून घेतली.

ते खोटं बोलणं एक वेळ जिभेचं होतं. हे हातानं केलेलं. हे जास्त माझं आहे.

लिस्बनला ताई समुद्रापर्यंत चालू शकल्या नाहीत. हॉटेलच्या दारातल्या बाकावर बसून राहिल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "तुमी या जाऊन." मंदार म्हणाला, "आई, तिला पुढे बसवायला हवं होतं गं." मी म्हणाले, "सांगितलं ना, ऐकतच नाही ती."

घरी आल्यावर मी ते भिशीतलं वाक्य म्हटलं. छान जमलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही, भेळ आली होती.

इथपर्यंत असतं, तर माझी लाज मी माझ्यापाशी ठेवून गेले असते. पण माझं वाक्य ताईंनी कडावला नेलं. जपून नेलं. पुढे गावातल्या बायकांच्या गटानं दूध संकलन सुरू केलं आणि ताईंना अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली. त्या म्हणाल्या, "धंद्याचं काम धंदेवालीला द्या. म्हशी पाळल्या म्हंजे धंदा व्हत नाय, माझी जाऊ शिकलेली हाय, तिनं सांगितलंय." मला हे सुरेखानं, त्यांच्या सुनेनं, कौतुकानं सांगितलं. बघा काकी, तुमच्या शब्दाला किती मान! मी चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

आता सुरेखानं ते दुकान उभं केलंय. दूध, तूप, पनीर. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारी मंडळी गाड्या थांबवून नेतात. मोठी कामसू पोर. तिला पाटीवर हवंय, "भागीरथीबाईंचं दूध". ताई म्हणतात, "नुसतं 'दूध मिळेल' लिवा." गेल्या रविवारी मी तिथंच होते. सुरेखा माझ्याकडे वळून म्हणाली, "काकी, तुमीच समजवा यांना, तुमचं ऐकतात त्या." मी खरवसाचा तुकडा तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको. खरवस गोड होता. त्यांच्याच म्हशीचा.

म्हातारपणी माणूस सुधारतं म्हणतात, ते काही मला पटत नाही. पण ताई ठणठणीत आहेत. गुडघे बदललेत, गोठ्यात जाऊन सुनेला अजून चुका दाखवतात, आणि रंग अजून लागलेला नाही. या वयात एखादी गोष्ट वेळेवर सापडते म्हणजे केवढं नशीब!

उद्या सकाळी कडावच्या रिक्षात बसते. सुरेखानं पाटीच्या पत्र्याला पांढरा हात मारून तो भिंतीला टेकवून ठेवलाय. रंगाऱ्याच्या आधी पोचेन. ताई रागावतील? की पोट धरून हसतील? बोलणंच टाकतील? तो त्यांचा प्रश्न. माफी मागायची नाही मला. मागणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडून काहीतरी घेणंच झालं, आणि घेऊन झालंय पुष्कळ. खोटं बोलले तेव्हा त्यांना एकटं गाठलं होतं, म्हणून खरं मात्र सुरेखासमोर, रंगाऱ्यासमोर, दूध न्यायला आलेल्या चार माणसांसमोर बोलणार आहे —

ताई, दूध चालत होतं. आणि ते मला तेव्हाच ठाऊक होतं.