बोटीने येणारा शनिवार

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मोडला तर बाबा दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. फुटबॉलची बातमी आधी सांगायची नाही. तसा हा नियम पाळायला मुलुंडमध्ये काहीच कष्ट नव्हते. आमची चाळ सगळी क्रिकेटवेडी. विलायतेतल्या कुठल्याशा धुरकट गावच्या, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये रखडलेल्या क्लबाचं काय झालं, हे सांगायला तिथे होतं कोण? मुंबईच्या पेपरात त्या क्लबाचं नाव मी एकदाही वाचलेलं नाही. तरी शनिवार-रविवारी रेडिओवर इंग्रजी काही लागलं, की बाबा उठून बंद करायचे. "चुकून कानार पडात," म्हणायचे.

हे खूळ बाबांनी इंग्लंडहून आणलं होतं. ते आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. मी तान्ही असताना कंपनीने नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला बाबांना नऊ महिने तिकडे धाडलं. तिथे एका फोरमनच्या घरात, वरच्या खोलीत त्यांची राहायची सोय होती. फोरमन त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव कायमचं 'म्हातारा' पडलं आणि त्याच्या बायकोचं 'म्हातारी'. पहिल्याच शनिवारी म्हाताऱ्याने बाबांच्या अंगात स्वतःचा जुना कोट चढवला आणि त्यांना गावच्या मैदानावर नेलं. उभं राहून मॅच बघायची, मध्यंतरात कपातून गरम रस्सा प्यायचा. रस्सा कशाचा ते बाबांनी तिथे विचारलं नाही आणि परत आल्यावर आईला सांगितलं नाही. नऊ महिन्यांत घरच्या मैदानावरची एकही मॅच त्यांनी चुकवली नाही. त्यातल्या बऱ्याचशा क्लब हरला.

बाबा परतले आणि म्हाताऱ्याने पेपर पाठवायला सुरुवात केली. शनिवारी संध्याकाळी तिकडे खेळांचा एक वेगळा पेपर निघायचा. असे चार-पाच जमले की त्यांची घट्ट गुंडाळी करून, वर दोरा बांधून तो बोटीने पाठवायचा. बोटीला दोन महिने लागायचे. म्हणजे तिकडे मार्च संपत आला की आमच्याकडे जानेवारीतल्या मॅच सुरू. गुंडाळी आली म्हणून बाबा अधाशासारखे सगळं वाचत नसत. तारखा लावून ठेवायचे आणि एका रविवारी एकच पेपर काढायचे. सकाळचा चहा झाला की चटईवर बसायचं, मी मोठ्याने वाचायचं, बाबांनी डोळे मिटून ऐकायचं. मथळ्यावर मी आधी तळहात ठेवायचा, कारण मथळ्यातच निकाल फुटायचा. मी मराठी शाळेतली. माझं अर्धं इंग्रजी त्या पेपरांवर झालंय, त्यामुळे शाळेतल्या निबंधातसुद्धा माझी माणसं भांडत नसत, एकमेकांना आडवं पाडत.

गोल झाला की बाबा मांडीवर थाप मारून ओरडायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, ती मॅच कधीच संपली. आता बोंबलान काय उपयोग?"

"थय संपली असात. माझी अजून चालू आसा."

म्हाताऱ्याची मधूनमधून विमानाने पत्रंही यायची. त्यात गुडघा, हवा, म्हातारीने केलेला केक, सगळं असायचं. मॅचबद्दल अक्षर नसायचं. एवढ्या लांबचा माणूस आमच्या घरचा नियम आमच्याहून कडक पाळायचा. प्रत्येक गुंडाळी पोचली की बाबा एक निळा एरोग्राम, विमानाने जाणारं घडीचं पत्र, लिहायचे. ते पाठवायच्या आधी माझ्याकडे द्यायचे, "स्पेलिंगा बघ गो," म्हणून.

ऐंशीच्या दशकातल्या सुरुवातीच्या एका वर्षी, मी कॉलेजात नुकती गेले होते तेव्हा, क्लबाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ते हरेचनात. बाबा तिकडे गेल्यापासून पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये जायची आशा दिसू लागली. रविवारी बाबा माझ्याआधी उठून, दाढी करून चटईवर तयार. आई चिडवायची, "मुलगी बघूक निघालास काय?" बाबा हसायचे. तेवढ्या खुशीत मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

मे महिन्यात एका दुपारी विमानाचं पत्र आलं. आई शेजारी गेली होती, बाबा पहिल्या पाळीला. आमच्याकडे इंग्रजी पत्रं मीच फोडायची, म्हणून फोडलं. म्हातारीचं होतं. चारच ओळी. शनिवारी आपला क्लब वर गेला, ते मैदानावरून आले आणि रात्री जेवताना तुमचीच आठवण काढत होते, सोमवारी सकाळी त्यांचं हृदय बंद पडलं. तुमच्यासाठी ठेवलेले पेपर मी पाठवीन.

तेव्हा आमच्या चटईवर मार्च महिना नुकता लागला होता.

मी ते पत्र लपवलं. का लपवलं याची उत्तरं मी आजवर स्वतःला पुष्कळ दिली आहेत. त्यातलं चांगलं दिसणारं उत्तर असं, की बाबांनी सतरा-अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्यांना नीट, एकेका रविवारने मिळावं. माणूस गेला तो गेला, दोन महिन्यांनी कळलं तर काय तो जास्त जाणार आहे? वयाच्या अठराव्या वर्षी मला हा विचार फार शहाणपणाचा वाटला. पण त्याच्या तळाशी दुसरं एक होतं. वर जायची ती मॅच मलाच बाबांना वाचून दाखवायची होती. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला हवा होता. पत्र माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत घालून मी वही पेटीच्या तळाशी ठेवली. आईला सांगितलं नाही. तिच्या तोंडावर सगळं दिसतं.

एक साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. बाबा पत्र लिहिणार होते.

पुढच्याच रविवारी त्यांनी लिहिलं आणि नेहमीसारखं माझ्यापुढे धरलं. म्हाताऱ्याची त्यांनी थट्टा केली होती. क्लब वर गेला तर आनंदाने तिथेच हार्ट फेल होऊन पडू नका, पुढच्या हंगामाचे पेपर मला कोण पाठवणार? मी ते वाचलं. तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं, आठवडाच झाला होता. मी एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करून एरोग्राम परत दिला आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी तो कारखान्यात जाता जाता टाकला.

एरवी गुंडाळीमागे एकच पत्र लिहिणाऱ्या बाबांची त्या खुशीत जुलैपर्यंत अशी तीन पत्रं गेली. तिन्ही हसरी. प्रत्येक पत्र त्या घरात एकटी राहिलेली बाई फोडणार, हे मला ठाऊक होतं. आज सांगते, उद्या सांगते, करत दिवस जात होते आणि प्रत्येक दिवसागणिक 'इतके दिवस का नाही सांगितलंस' हा प्रश्न मोठा होत होता. रविवारी मी वाचायचे तेव्हा माझा आवाज बसायचा. बाबांना वाटायचं, मॅचमुळे.

मग एप्रिलची गुंडाळी आली. बाबा पाळीवरून आले, चपला काढायच्या आधी त्यांनी ती हातात घेतली आणि उलटसुलट केली. दोरा नव्हता, चिकटपट्टी होती.

"ह्या म्हाताऱ्याचा अक्षर न्हय," ते म्हणाले.

"बरे नसतीत," आई म्हणाली. "बायकोन धाडला असात."

बाबांनी गुंडाळी कपाटावर ठेवली आणि जेवायच्या आधीच एरोग्राम घेऊन बसले. तब्येत कशी आहे, एवढंच विचारायचं होतं त्यांना. त्यांनी वर म्हाताऱ्याचं नाव लिहिलं आणि मला पुढे बघवेना. मी पेटी उघडली, वहीतून पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी आधी वरचा शिक्का पाहिला.

"ह्या कधी इला?"

"मे महिन्यात."

त्यांनी पत्र वाचलं. क्लब वर गेल्याचं आणि म्हातारा गेल्याचं त्यांना एका दमात, एकाच ओळीत कळलं. ज्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला ते सुख त्यांना अशा तऱ्हेने मिळालं. मला त्यांनी मारावं असं वाटत होतं. निदान ओरडावं. "बाबा, मला वाटलं तुम्हाला..." मी म्हणाले.

"मी हार्टवरना मस्करी केलंय गो," ते म्हणाले. "तिना वाचला असतला ता."

आई पदर तोंडाला लावून रडत होती. तिने म्हाताऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं. बाबा उठून गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हातारीला पत्र लिहिलं. या वेळी मला स्पेलिंग बघायला सांगितलं नाही. सकाळी पाळीला उशीर होत होता म्हणून एरोग्राम माझ्या हातात दिला आणि चिकटवून टाक म्हणाले. तो उघडाच होता. कॉलेजला जाताना पाच रस्त्याच्या चौकाशी, पोस्टाच्या पेटीजवळ उभी राहून मी तो वाचला.

बाबांनी लिहिलं होतं, तुमचं पत्र मला वेळेवर, मे महिन्यातच मिळालं. ते गेले हे लिहायला माझा हात धजला नाही, म्हणून ते असल्यासारखंच मी लिहीत राहिलो. तुम्हाला त्याने किती लागलं असेल याचा विचार मी केला नाही. ते मला थोरल्या भावासारखे होते. क्षमा करा.

माझा उल्लेख कुठेही नव्हता.

खाली शेवटची घडी सगळी कोरी होती. पत्र मी लपवलं, बाबांना माहीत नव्हतं, एवढं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. पर्समध्ये पेन होतं. मी ते काढलंसुद्धा. मग वाटलं, माझ्याबद्दल काय म्हणेल ती. दुसरं काही कारण नाही, मला लाज वाटली. मी डिंकाची कड जिभेने ओली केली, घडी दाबली आणि पत्र पेटीत टाकलं.

कपाटावरची गुंडाळी फुटली नाही. रविवारी सकाळी बाबा पिशवी घेऊन बाजारात जाऊ लागले आणि उगाचच उशिरा परत यायचे. पण पाळीवरून आले की रोज विचारायचे, "काय इला?" मी नाही म्हणायचे. ऑगस्ट गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. थंडीत कधीतरी त्यांनी विचारणं सोडलं. एका संध्याकाळी चहा पिता पिता स्वतःच म्हणाले, "बरोबर आसा तिचा. माझ्यासारख्याक कशाक लिहितली ती?"

मी समोर बसून तांदूळ निवडत होते. एरोग्राम तेव्हाही पोस्टात मिळत होते आणि तिचा पत्ता मला पाठ होता.