जावयाची मार्कलिस्ट

खिडकीशी कुणाची सावली पडली, की चाचा आधी डोक्यावरची जाळीची टोपी काढायचे आणि समोरच्या उघड्या कागदावर ठेवायचे. मग मान वर करून म्हणायचे, "बोला, काय काम काढलं?" नवख्या माणसाला वाटायचं, यांना उकडत असेल. आम्हा ऑफिसातल्या लोकांना खरं कारण ठाऊक होतं. एकाचे मार्क दुसऱ्याच्या नजरेला पडू नयेत, म्हणून ती टोपी.

शिरूरच्या आमच्या कॉलेजात ते हेडक्लार्क होते. मी मराठी शिकवायचे, आणि शिकवता शिकवता परीक्षा विभागही माझ्या गळ्यात पडला होता. त्यामुळे वर्षातला बराच काळ मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढला. मुलं त्यांना चाचा म्हणत, म्हणून प्राध्यापकही म्हणत, आणि रागात नसले की प्राचार्यही म्हणत.

आता तुम्हाला वाटेल, माणूस घुमा असेल. छे! एवढा बोलका माणूस मी उभ्या तालुक्यात पाहिला नाही. रांजणगावच्या कंपनीत कुणाचा पोरगा पर्मनंट झाला, कुणी नवा ट्रॅक्टर घेतला आणि पहिल्याच दिवशी तो पाटाच्या चारीत कसा घातला, कुणाच्या घरी सासूसुनेचं वाजलं, हे सगळं आम्हाला सकाळच्या चहाबरोबर ताजं ताजं मिळायचं. वर्तमानपत्र उशिरा आलं तरी आमचं काही अडत नसे. पण त्यांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात जे होतं, म्हणजे मुलांचे मार्क, दाखले, जन्मतारखा, कोण कितव्या खेपेला सुटलं, त्यातलं अवाक्षर कधी बाहेर आलं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, सगळ्या घराची दारं सताड उघडी आणि एकाच खोलीला कुलूप.

त्या कुलपावर खरा ताण यायचा तो लग्नसराईत. आमच्या भागात तेव्हा एक रीतच होती. मुलगी कॉलेजात शिकणारी असली, की मुलाकडची मंडळी तिच्या घरी पोहे खायला जाण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात चक्कर टाकायची. एकदा वडगाव रासाईकडचे एक बागायतदार आबा आले, पांढरेशुभ्र कपडे, मागे दोन पाहुणे.

"चाचा, आमच्या पाव्हण्यात एक पोर सांगून आलीय. तुमच्याकडंच शिकती. रोज येती का न्हाई, मार्क कसे हायेत, एवढंच सांगा."

"आबा, चहा घेनार?"

चहा आला. चाचांनी आबांचा ऊस, उसाची तोड, धाकट्या चिरंजिवांची नवी मोटारसायकल, सगळ्याची आस्थेनं चौकशी केली. आबाही रंगात आले. मग त्यांना आपलं काम आठवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. पोरीचं बोला."

"पोरीचं पोरीला इचारा. ज्याचं हाय त्याला घेऊन या, आबा. ती म्हनली दाखवा, तर समदं कपाट तुमच्यापुढं मांडतो."

"आवो, पोरीला कसं आननार हितं? आन् मी काय परका हाय? सोसायटीचा संचालक हाय मी."

"व्हय की. म्हनून तर चहा पाजला."

पाहुणे हसले, आबाही नाइलाजानं हसले, आणि मोटारीत बसून निघून गेले. मी विचारलं, "चाचा, मुलगी हुशार आहे. सांगितलं असतं तर तिचं भलंच झालं असतं." तर म्हणाले, "आज हुशारीचं सांगितलं, आन् उद्या दुसरीचं इचारल्यावर गप बसलो, तर लोक काय समजायचं ते समजनार न्हाईत का?"

कायदाबियदा तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. त्यांनाही नव्हता. त्यांचा हिशेब साधा होता. "मार्क पोरानं आपल्या डोक्यानं मिळवल्यात. आपल्याकडं निस्ते ठेवायला दिल्यात."

निकालाच्या दिवशी तर त्यांच्या या तत्त्वापायी आमचा जीव जायचा. बाकीची कॉलेजं नावानिशी यादी फळ्यावर डकवून मोकळी होत. आमच्याकडे चाचा एकेकाला खिडकीशी बोलवणार, ओळखपत्र बघणार, मार्कलिस्ट अक्षरं आत जातील अशी घडी घालून त्याच्या हातात देणार. रांग पार सायकल स्टँडपर्यंत जायची. पोरं ओरडायची, प्राचार्य चिडायचे. चाचा मला हळूच म्हणायचे, "मॅडम, जो नापास झालाय त्याला निदान घरी जाईस्तोवर तरी एकट्याला चालू द्या."

पुढे ऑफिसात संगणक आला. पुण्याहून आलेल्या तंत्रज्ञानं चाचांना समजावलं, की पासवर्ड टाकायचा, तो लक्षात ठेवायचा आणि कुणालाही सांगायचा नाही. चाचांना ही यंत्राची रीत फारच पसंत पडली. एका हाताचा आडोसा करून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांनी काहीतरी टाइप केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काहीतरी त्यांना आठवेना. कुठे लिहून ठेवायचं तर त्यांच्या स्वभावातच नव्हतं. दुपारपर्यंत ऑफिस ठप्प. प्राचार्य येरझाऱ्या घालताहेत, तंत्रज्ञाला फोन गेलेत, आणि चाचा मात्र त्या बंद पडद्याकडे कौतुकानं बघताहेत. "मॅडम, मला सुदिक दाखवत न्हाई. म्हंजी मशीन चांगलं हाय."

त्याच्या पुढच्या लग्नसराईत चाचांच्या स्वतःच्या मुलीला, रुक्सानाला, दौंडचं स्थळ आलं. मुलगा कुरकुंभच्या एका कारखान्यात ऑफिसात कामाला, घरची माणसं शांत, आणि बी.कॉम. झालेला, तोही आमच्याच कॉलेजातून. शिरूरला मामाकडे राहून शिकला होता. रुक्सानाला तो आवडलाय, हे तिच्या गप्प बसण्यावरून घरात सगळ्यांना कळलं होतं. तारीख धरायची तेवढी बाकी होती, आणि नेमकं कुणीतरी चाचींच्या कानात सांगितलं, की कसला बी.कॉम.! शेवटच्या वर्षाला गटांगळी खाल्लीय आणि सगळ्यांना फसवतोय.

दुसऱ्या दिवशी चाची थेट ऑफिसात. त्या आधी कधी आल्या नव्हत्या. चाचांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या घरच्या बोलीत कडाडल्या, "अल्मारी तुम्हारे पीछूच है ना? उठो, खोलो, देखो!"

चाचा बसल्या जागी एवढेसे झाले. चाचींनी मोर्चा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, तुमीच सांगा ह्यास्नी. पोरीच्या जल्माचा सवाल हाय. परक्याला नका दावू, पन बापानं बी बघायचं न्हाई?"

मी चाचींच्या बाजूची होते. आजही थोडीशी आहेच. मी म्हटलं, "चाचा, एकदा बघून टाका. कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की," चाचा म्हणाले. "आन् उद्या आबा आले, तर त्यास्नी कंच्या तोंडानं न्हाई म्हनू?"

चाची पाय आपटत गेल्या. एवढ्या वर्षांत एवढी मुलं हाताखालून गेली, त्यात या मुलाचा निकाल चाचांना खरोखरच आठवत नव्हता. कामासाठी कपाट रोज उघडावं लागे, पण त्या वर्षाच्या गठ्ठ्याला त्यांनी हात लावला नाही. पुढचे काही दिवस आमच्या चहाला एकही बातमी आली नाही. आम्ही सगळे मुकाट्यानं बिस्किटं खायचो. मला त्या माणसाची फार कीव आली आणि तितकाच रागही आला.

मग एका रविवारी ते एसटीनं दौंडला गेले. तिथं काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. घरात सगळ्यांशी हसून बोलले, कपाटाचा विषयही काढला नाही. निघताना मुलाला स्टँडपर्यंत सोबत घेतलं, आणि गाडी लागल्यावर म्हणाले, "बाळा, तुझा कागद माझ्याकडं हाय. मी बघितलेला न्हाई. लोक काहीबाही बोलत्यात. तुला दाखवावा वाटला, तर ऑफिसात ये. न्हाई वाटला, तर तसा निरोप धाड. मी कारन इचारनार न्हाई."

मुलानं मान खाली घालून त्यांना गाडीत चढवून दिलं. चाचा खिडकीपाशी बसून परत आले.

चाचींनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. बघायचं नव्हतं तर गप्प बसायचं, उलट स्वतः जाऊन पाव्हण्यांना डिवचून आलात! त्यांनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं. दौंडहून निरोप येईना. येणारही नाही, असं चाची शेजारणींना सांगायला लागल्या. चाचा रोज टपाल आलं की मान वर करून बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे.

एके दिवशी दुपारी खिडकीपुढे फॉर्म भरणाऱ्या मुलांची रांग होती. तिच्या शेवटी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण उभा होता. चाचांनी त्याला पाहिलं, मीही पाहिलं. मला वाटलं, आता आत बोलावतील, खुर्ची देतील. पण नाही! एकेका मुलाचं काम उरकत त्यांनी त्याचा नंबर येऊ दिला.

"काय पाह्यजे?"

"माझी शेवटच्या वर्षाची मार्कलिस्ट. न्यायची राहिली होती."

"अर्ज लिव्हा."

होणाऱ्या जावयानं उभ्या उभ्या अर्ज लिहिला. चाचांनी कपाट उघडलं, गठ्ठा सोडला, नाव शोधलं आणि मार्कलिस्ट नेहमीसारखी घडी घालून त्याच्या हातात ठेवली. मुलानं ती उघडली. बराच वेळ वाचत राहिला. मग सरळ करून खिडकीतून चाचांच्या पुढ्यात सरकवली.

"चाचा, आता तुम्ही बघा."

चाचांनी खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि बघितलं. मी मान उंच करून पाहिली, पण त्यांचे खांदे रुंद होते. वळले तेव्हा चेहऱ्यावरून काही समजेना. कागद परत देऊन ते म्हणाले, "मला दावलंस, माझं झालं. आता घरी जा. चाची हाय, रुक्साना हाय. रुक्सानाला दाव. चाचीला दावायचा का न्हाई, ते तुमी दोघं ठरवा."

तो गेल्यावर चाचांनी गठ्ठा बांधायला घेतला, पण तो अर्धवट सोडून ते रस्त्याकडेच बघत राहिले. गाठ शेवटी मी मारली.

दुसऱ्या दिवशी ते आले ते दारातूनच म्हणाले, "जमलं!" रुक्सानानं कागद बघितला होता, दोघं ओसरीवर थोडं बोलले होते, आणि कागद न दाखवताच तिनं आईला सांगितलं होतं की मला करायचंय. मी विचारलं, "चाचा, मग पास की नापास?" चाचा म्हणाले, "जावई येनार हाय लग्नाची पत्रिका घेऊन, त्याला इचारा." आणि लगेच शेजारच्या बोकडानं कुणाची साडी खाल्ली ती बातमी सुरू केली. आमचा चहा पुन्हा गोड लागायला लागला.

लग्न थाटात झालं. संसारही चांगला झाला. चाचा रीतसर निवृत्त झाले, नातवंडं खेळवली आणि एके दिवशी झोपेतच गेले. चाची दौंडला लेकीकडे राहायला गेल्या. मध्यंतरी मी त्यांना भेटून आले. जावई नुकताच ड्यूटीवरून आला होता. "तुम्ही बसा, चहा मी टाकतो," म्हणून आत गेला. रुक्साना त्याच्या मागोमाग गेली. दोघांच्या हसण्याचा आवाज बाहेर येत होता.

चाची माझ्याजवळ सरकल्या. "मॅडम, आता तरी सांगा. हा पास व्हता का नापास?"

"मला नाही माहीत, चाची."

"खोटं बोलता. दिवसभर तर तुमच्याशीच बोलायचे ते."

"सगळं बोलायचे. एवढंच नाही बोलले. शेवटपर्यंत नाही."

चाची माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी खरंच बोलतेय हे पटल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

"म्हंजी मला एकटीलाच न्हाई सांगितलं, असं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, समद्या ऑफिसाला म्हाईत हाय, आन् बायकोवरच इस्वास न्हाई. एवढी वर्सं मनात राग धरून व्हते मी त्यांच्यावर."

मी त्यांचा हात हातात घेतला. चाचा असते तर त्यांनी एखादी बातमी काढून हे सगळं हसण्यावारी नेलं असतं.

जावई चहा घेऊन आला. चाचींनी पदरानं डोळे पुसले, त्याच्या हातातून कप घेतला, त्याला शेजारी बसायला जागा करून दिली, आणि काहीच विचारलं नाही.