शेपटीतला मारुती

धारवाडात केलगेरीला राहणाऱ्या शेषगिरी हुद्दार सरांनी तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि तेवढ्या काळात घरातला एक खिळासुद्धा सरळ ठोकला नाही. फळ्यावर विमान मात्र असं काढायचे, की मागच्या बाकावरची पोरंही जागी व्हायची. वर उचलणारा बाण, खाली ओढणारा बाण, पुढे नेणारा, मागे खेचणारा. चारही बाण काढून झाले की खडू टेबलावर आपटून ते म्हणायचे, "हे देव उडवत नाही, गणित उडवतं!" हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडायचं.

निवृत्तीच्या समारंभात गणिताचे नारायण सर भाषणाला उठले आणि म्हणाले, "हुद्दारांनी जन्मभर विमानं शिकवली, पण खडूच्या धुळीपलीकडे काही उडालेलं आम्ही बघितलं नाही." सगळे खो खो हसले. हुद्दार सरही हसले, पण शब्द लागला होता. उत्तराच्या भाषणात आभार मानायचे सोडून त्यांनी जाहीर करून टाकलं, की वर्षाच्या आत नऊ फूट पंखांचं रेडिओवर चालणारं विमान बांधीन आणि तुम्हा सगळ्यांसमोर उडवीन. खांद्यावर शाल आणि हातात नारळ असला की माणूस काय वाटेल ते बोलतो. आता ते उडालं नाही, तर तेहेतीस वर्षांचं शिकवणं म्हणजे नुसती फळ्यावरची चित्रं, हे सरांना घरी पोचेपर्यंत कळून चुकलं होतं.

हलकं लाकूड, पातळ प्लायवूड आणि वरून ताणलेलं कापड, असा सांगाडा सुरू झाला. पहिल्या दोन महिन्यांत विमानापेक्षा सरांची बोटंच जास्त चिकटली. त्यांच्या पत्नी विमलाबाई खोबरेल लावून ती सोडवत बसायच्या. डावा पंख उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं लांब निघाला.

"गणितात बरोबर होता," सर म्हणाले.

"मग करवतीला गणित येत नसेल," विमलाबाई म्हणाल्या आणि खोबरेलाची वाटी उचलून आत गेल्या.

एवढ्या मोठ्या विमानाला खेळण्यातली मोटार पुरत नाही. झाडं कापायच्या यंत्रकरवतीचं पेट्रोल इंजिन त्याला बसवतात, असं सरांनी कुठंतरी वाचलं आणि गाडीत बसून ते अळणावरला गेले. तिथं गणेश बडिगेर यंत्रकरवती दुरुस्त करायचा. चाळिशीचा, अबोल, पण इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस.

"सर, ह्ये झाड खाली पाडायचं इंजिन हाय," तो म्हणाला. "वर न्यायला कसं लावायचं ओ?"

"साखळी काढायची, पंखा लावायचा. बाकी सगळं गणित."

"हौद्री, बरं सर," असं म्हणून गणेश पान्हा घेऊन बसला.

त्या दिवसापासून गणित तेवढं सरांकडे राहिलं आणि बाकी सगळं गणेशकडे आलं. नको ते पत्रे कापून त्यानं इंजिनाचं वजन उतरवलं, ते बसवायला जाड फळी केली, लाकडी पंख्याची दोन्ही पाती तासून सारखी केली. दर रविवारी तो गाडीनं यायचा. सर शेजारी उभं राहून सूत्रं सांगायचे आणि गणेश मान हलवून स्वतःच्या मनासारखं करायचा. सर त्यालाच सहकार्य समजत.

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं ते अंगणात, लोखंडी खाटेला बांधून. खाट हलू नये म्हणून सर स्वतः खाटेवर बसले. गणेशनं जाड हातमोजा घालून पंख्याला फटका दिला, इंजिन गरजलं आणि खाट सरांना घेऊन निघाली. धुण्याच्या दगडावर आपटून थांबली तोवर विमलाबाईंनी वाळत घातलेले सांडगे कंपाउंडपलीकडे गेले होते. न्यूटनचा नियम खाटांनाही लागू आहे, हे सर निवृत्तीनंतर शिकले. गणेश त्या दिवशी पहिल्यांदा हसला आणि दुपारपर्यंत त्यानं जमिनीत चार खुंट ठोकून दिले.

पुढे ते इंजिन असं वळणावर आलं, की दुसऱ्या फटक्याला सुरू व्हायचंच. गणेश एकदा चहा पिता पिता म्हणाला, "सर, अळणावरात समद्यांना सांगून बसलोय, माझं इंजिन धारवाडात उडणार म्हणून. काय चुकलं तर नाव जाईल बघा." जन्मभर दुसऱ्यांची बिघडलेली यंत्रं हाताळलेल्या माणसाचं स्वतःचं असं हे पहिलंच काम होतं.

खंडेनवमीला घरातल्या मिक्सरपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा झाली, तशी विमानाचीही झाली. हळदकुंकू लावून विमलाबाईंनी देवघरातला अंगठ्याएवढा पितळी मारुती आणला. "वाऱ्याचा मुलगा आहे हा. याला आत ठेवा," त्या म्हणाल्या.

सर गणेशसमोर मोठ्यानं हसले. "अगं, विमानाला मारुती लागत नाही, गुरुत्वमध्य लागतो!"

विमलाबाई मारुती परत घेऊन गेल्या. सरांनी मग पंखांखालच्या दोन खुणांवर विमान तोलून दाखवलं. ते तागडीच्या दांडीसारखं आडवं राहिलं. "आता यात एक टाचणीसुद्धा जास्तीची घालायची नाही," त्यांनी गणेशला बजावलं.

उड्डाणाचा रविवार उजाडला. सर सहा महिने संगणकावर आणि छोट्या फोमच्या विमानावर हात बसवत होते, तरी त्या सकाळी धीर होईना. विमलाबाई न्हाणीघरात होत्या. सर देवघरात शिरले. अंघोळ झालेली नव्हती. त्यांनी मारुती उचलला, रुमालात गुंडाळला आणि विमानाच्या शेपटीत तारांसाठी ठेवलेलं झाकण उघडून आत कोंबला. नाकाच्या बाजूला जागा होती, पण तिथं गणेशचे डोळे गेले असते.

विमान पुन्हा तोलायला हवं होतं. पण तोलायचं म्हणजे मारुतीचं वजन हिशेबात धरावं लागणार, आणि देवाला ग्रॅममध्ये मोजायचं, हे देव न मानणाऱ्या सरांच्या जिवावर आलं. एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. टोकाला बसलेलं मूल मधे बसलेल्या पैलवानाला उचलतं, हे त्यांनी दर वर्षी आठवीच्या वर्गाला सी-सॉवर नेऊन दाखवलं होतं.

केलगेरीपलीकडच्या कापणी झालेल्या शेतात विमलाबाईंसकट शंभरेक माणसं जमली. नारायण सर घडीची खुर्ची घेऊन आले होते. गणेश इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता आणि बरोबर म्हाताऱ्या आईलाही घेऊन आला होता. दुसऱ्या फटक्याला इंजिन सुरू झालं. विमान धावलं, उचललं गेलं आणि खरोखर उडालं. टाळ्या पडल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग विमानानं नाक वर केलं. सरांनी हातातल्या रेडिओची काडी पुढे दाबली, तरी नाक खाली येईना. विमान मागच्या पायांवर उठलेल्या घोड्यासारखं उभं राहायला लागलं. सर घाबरले आणि त्यांनी इंजिनच बंद केलं. आवाज थांबला, विमान क्षणभर लटकलं आणि शेपटीकडून घसरत शेजारच्या शेतात कोसळलं. दोन्ही पंख मोडले.

"इंजिन बंद पडलं!" नारायण सर ओरडले. "झाडं तोडायचं इंजिन ते, घात करणारच. हुद्दारांचं गणित पक्कं होतं." लोकांनीही तेच धरलं. आणि खरं सांगायचं तर सरांना बरं वाटलं. त्यांची मान होकारात हललीसुद्धा. पुढे ते स्वतः सांगायचे, "फार नाही, अर्धा इंच हलली. पण हलली."

गणेश मोडक्या विमानाशेजारी गुडघ्यांवर बसून इस्त्रीच्या शर्टानं इंजिनावरची माती पुसत होता. आई पाठीवरून हात फिरवत होती. सर जवळ आल्यावर त्यानं मान वर केली नाही.

"माझंच काय तरी चुकलं असंल सर. एवढं सोन्यासारखं विमान तुमचं. बिड्री, सोडून द्या माझं नाव."

सरांना तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ते मातीत बसले, शेपटीचं झाकण उघडलं आणि रुमाल बाहेर काढून त्यातला मारुती सगळ्यांना दाखवला.

"इंजिन चालू होतं," ते वर्गात बोलत तसे खणखणीत म्हणाले. "मी घाबरून बंद केलं. आणि नाक वर गेलं ते शेपटीत हे वजन होतं म्हणून. सकाळी चोरून मीच ठेवलं. गणेशच्या कामात काडीची खोट नाही." तेच त्यांनी कन्नडमध्ये त्याच्या आईला सांगितलं, दोनदा सांगितलं. तेहेतीस वर्षांत चारचौघांत चूक कबूल करायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"म्हणजे देवानं पाडलं म्हणा की!" नारायण सर म्हणाले.

"नाही. हुद्दारानं पाडलं."

लोक हसायला लागले. याच हसण्याच्या भीतीनं सरांनी वर्ष काढलं होतं. पोट धरून हसणाऱ्यांत गणेशची आई सगळ्यांत पुढे होती. तिला हसताना बघून गणेशही डोळे पुसत हसला, इंजिन कडेवर घेतल्यासारखं उचलून उभा राहिला आणि जो विचारील त्याला ते दाखवू लागला.

विमलाबाईंनी मारुती हातात घेतला आणि पदरानं पुसला.

"लपवायचा म्हणून मागे बसवलात," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं असतंत, तर मी पुढे बसवला असता."

सरांनी मनातल्या मनात वजनं मांडून बघितली. बाईंचं गणित बरोबर होतं.