माणिकप्पाच्या गाडीतली आठवी जागा

आमच्या मुरूम गावात कुणी गावाला निघालं की दारातल्या माणसाला ‘चला की’ म्हणायचं असतं, आणि दारातल्यानं ‘हौ हौ, पुढच्या बारीला’ म्हणून गप बसायचं असतं. शेजारच्या माणिकप्पानं हे आयुष्यभर पाळलं. मोडलं ते म्या.

तीस वर्षं माणिकप्पानं एका अडत्याची जीप चालवली. त्या जीपमध्ये लक्ष्मम्मावैनी एकदाही बसली नाही. मालकाला चालत नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यानं जुनी सात सीटांची गाडी घेतली. बायकोला पुढच्या सीटवर बसवून लडाखची तळी दाखवायची, एवढंच डोक्यात. वहीत रोजचे किलोमीटर, कुठं डिझेल, कुठला घाट कधी उघडतो, सगळं लिहिलेलं. वैनीनं दीडशे कडक भाकरी थापून वाळवल्या.

“नवरानवरी निघाली म्हणायची!” मी कट्ट्यावरनं ओरडलो.

“चला की तुमीबी,” माणिकप्पा रीतीप्रमाणं म्हणाला.

“येतो की! कधी निघायचं?”

कट्टा हसला. माणिकप्पाचं तोंड बघण्यासारखं झालं. पण गंमत तिथं थांबली नाही. शेजारी चाललाय म्हटल्यावर वैनीचा सख्खा भाऊ शरणप्पा रुसला, मग बायको आणि दोन लेकी घेऊन तयार झाला. गल्लीतल्या उत्तरेश्वर गुरुजींनीही यायचं म्हटलं, त्यांना नाही म्हणता येईना. मोजलं तर आठ.

“डोंगरात दाटी नको,” वैनी म्हणाली. “तुमी जावा. म्या पुढच्या बारीला.”

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एरवी माझं तोंड बंद असतं का? पण बॅग भरून झाली होती.

शरणप्पानं आधी वैष्णोदेवी काढली. “पाणी काय, आपल्या तलावातबी हाय. देवी हाय का?” डोंगर चढून उतरलो तर त्याच्या बायकोचे पाय सुजले. पायथ्याला कटऱ्याच्या धर्मशाळेत, इथनंच माघारी फिरायचं का, यावर हात वर करून मतं घेतली. माझीही कंबर धरली होती. मी हात वर केला. माणिकप्पानं वही मिटली आणि गाडी माघारी वळवली.

परत आल्यावर वैनी फाटकात उभी होती.

“भावजी, तळ्याचं पाणी खरंच निळं असतंय व्हय?”

“आमी तिथवर गेलोच न्हाय, वैनी.”

“मग माझी जागा कशाला घेतली?”

“पुढच्या वर्षी तुमी दोघंच...”

“डाक्टर म्हणलाय, माझा दमा वाढतोय, पुढच्या वर्षी तसली उंची चालायची न्हाय. औंदा जमलं असतं.”

तिनं माझ्या हातातला प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि फाटक लावून घेतलं.