शांतारामच्या दहाव्याला माझी नात का आली नाही

शांताराम मला आवडत नव्हता.
तो गेला म्हणून आता आवडू लागला, असे मी लिहिणार नाही.

आज सकाळी नदीवर त्याचे दहावे झाले. ज्यांनी या ग्रुपवर त्याच्या छायाचित्राखाली जोडलेल्या हातांची चित्रे डकवली, त्यांतले निम्मे तेथे नव्हते. जे होते, ते माझ्या नातीची उणीदुणी काढत होते.

म्हणून हे लिहितो आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे. अर्धवट वाचून अंगठा दाखवू नये.

शांताराम परराज्यातील एका सिंक्रोट्रॉन केंद्रात तंत्रज्ञ होता. सूक्ष्म कणांना प्रचंड वेगाने वर्तुळात पळवायचे आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या प्रखर क्ष-किरणांत पदार्थ पारखायचे, असे ते यंत्र.

निवृत्त होऊन तो शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावी परतला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची शांतता संपली.

रोज एक बातमी. नवी बीमलाइन, म्हणजे किरणांची नवी वाट, सुरू झाली. संशोधनाचे प्रस्ताव मागवले आहेत. विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा, येण्याजाण्याचे भाडे केंद्र देईल.

एकदा तर कोणाच्या तरी निधनवार्तेखाली लगोलग टाकले: "सुवर्णसंधी. त्वरा करा."

मी त्याला ग्रुपवर सर्वांसमक्ष खडसावले.
त्याचे उत्तर: "गुरुजी, वाचणारा एक जरी निघाला तरी पुरे."

तो एक माझ्याच घरातून निघाला.

माझी नात मयूरी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली होती. पुढे बी.एड. करून तिने जवळच्या एखाद्या शाळेत शिकवावे, असे मी ठरवले होते. शांताराम संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसे, आमचाच चहा पीत.

"पोरीला मास्तरीण करून काय करताय, गुरुजी? आमच्या मशीनवर जाऊ द्या तिला."

"तुमचे मशीन तिला काय दाखवणार?"

"भाताच्या दाण्यात लोखंड कुठं बसलंय ते."

"भातात लोखंड निघाले, तर मी आधी गिरणीवाल्याला धरीन."

मयूरी खो खो हसली. पण अर्ज तिने त्याच आठवड्यात केला.

एम.एस्सी. होऊन आज ती त्याच केंद्रात पीएच.डी. करते. आपल्याकडच्या भाताच्या दाण्यात लोह कोठे असते आणि तांदूळ गिरणीत सडताना त्यातले किती कोंड्यात जाते, हा तिचा विषय. वर्षातून दोनदाच घरी येते.

शांतारामने माझी नात माझ्यापासून दूर नेली. त्याबद्दल मी त्याला क्षमा केलेली नाही.

तो अचानक गेला. अंत्यविधीला पोहोचणे तिला शक्यच नव्हते. दहाव्याला येते, म्हणाली.
मग पुन्हा फोन आला. रडून आवाज बसला होता.

"आजोबा, नेमकी त्याच दिवशी माझी शिफ्ट आहे. मशीनवर बीमटाइम मिळालाय."

"सोडलीस तर?"

"दुसऱ्याला देतात. परत प्रपोजल, परत वाट बघायची. मिळेलच असं नाही. आणि या रीडिंग्जशिवाय माझा थिसिस पुढे सरकत नाही."

"मग येऊ नकोस."

"मला इथे शांतारामकाकांनी आणलं, आजोबा. लोक काय म्हणतील?"

"लोकांचे मी बघतो."

तर आता लोकांचे बघू.

आज पिंडाला कावळा शिवेना. शांतारामचा पुतण्या हात जोडून म्हणाला, काकीला सांभाळीन, शेत ओसाड ठेवणार नाही. कावळे पलीकडच्या बाभळीवर निवांत बसून होते.

आमचे शेजारी बबनराव तंबाखू मळत म्हणाले, "शिवंल कसा? जीव त्या पोरीत अडकलाय. ज्यानं वाट दावली त्याच्या दहाव्याला यायला टाइम नाय. मोठी सायंटिस."

दोघे-तिघे हसले.

मी विचारले, "बबनराव, तुमच्या आईची तिरडी अंगणात बांधली जात होती, तेव्हा तुम्ही कोठे होतात?"

"ते आता कशाला काढताय, गुरुजी?"

"कोठे होतात?"

"कालव्यावर. पाण्याची पाळी होती माझी. दार नाय उघडलं तर पाणी खालच्याच्या शेतात जातं. उन्हाळी भात पोटरीला आला होता."

"मयूरीचीही आज मशीनवर पाळीच आहे."

"ते येगळं."

"वेगळे कसे, तेवढे सांगा."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

भातसा कालव्यावरच्या आपल्या गावात ही रीत आहे. पाळी आली की माणूस सुतकातही दार उघडायला जातो आणि परतून खांदा देतो. त्याला कोणी नावे ठेवत नाही. ही रीत मी घातलेली नाही, तुमच्या वाडवडिलांनी घातली आहे. माझ्या नातीपुरती ती बदलता येणार नाही.

शांतारामच्या पत्नी वत्सलावहिनी तेवढ्यात म्हणाल्या, "गुरुजी, तुमी तरी बोला एक शब्द. तिच्या वतीनं."

मी बोललो नाही. तिची शिफ्ट चालू होती. जे काम झालेले नाही, ते झाले असे मी मेलेल्या माणसालाही सांगत नाही.

कावळा आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला गेली.

संध्याकाळी मयूरीचा फोन आला.

"आजोबा, झालं. अख्ख्या दाण्याचा नकाशा मिळाला. लोह बरंचसं वरच्या थरातच दिसतंय."

मी चपला घालून वहिनींकडे गेलो, त्यांना सांगितले आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

शांताराम, तुझा-माझा वाद मिटलेला नाही. पोर माझी होती आणि मी होकार दिला नव्हता.

परंतु सकाळी नदीवर जे सांगता आले नाही, ते आता सांगतो. मयूरीचे काम झाले.

जा आता.