रुमालाखालचं जर्मन

ईरा आणि नील, स्वतःला न येणारी भाषा दुसऱ्याला शिकवायला बसलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल. तो तुमच्या बाबांचाच बाप निघावा हे तुमचं भाग्य की माझी फजिती, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

तुमचे धुळ्याचे नाना म्हणजे माझे व्याही. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा आम्हांला एवढंच सांगण्यात आलं होतं की मुलाचे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते, आता घरी असतात. घरी असतात हे खरं. पण दलाली त्यांच्या अंगातून गेली नाही. भाजीवालीपाशी उभे राहिले की ते आधी गिऱ्हाईक म्हणून भाव पाडतात, मग त्यांना तिची दया येते आणि तिच्या वतीने तोच भाव चढवतात. तुमच्या आईबाबांच्या लग्नात मानपानाची बोलणी चालली होती. एका खोलीत आम्ही, दुसऱ्या खोलीत त्यांची माणसं, आणि मधल्या दारातून नानांच्या येरझाऱ्या. "मुलीकडचे म्हणतात ते बरोबर शे," असं ते आपल्याच भावांना अहिराणीत इतक्या जोरात सांगत होते की शेवटी त्यांचे थोरले बंधू रुसले. नवरदेवाचा बाप नक्की कोणत्या बाजूला आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे काही कळेल असं वाटलं होतं, तेही झालं नाही.

ईरा, तू लहान असताना जर्मनीतल्या तुमच्या घरून फोनवर वाऱ्यासारखी यायचीस. जर्मनमध्ये काहीतरी बोलायचीस, हातातलं खेळणं पडद्याला चिकटवायचीस आणि फोन जमिनीवर टाकून पळायचीस. मग इकडे धुळ्यात नानांना तुमच्या घराच्या छताला टांगलेला दिवा दिसत राहायचा. फोन बंद करायचं त्यांच्या जिवावर यायचं. "दिवा चांगला शे," असं म्हणत ते तो दिवाच बघत बसायचे. एकदा मी तिथे असताना तू त्यांना काहीतरी विचारलंस. त्यांना कळलं नाही, ते हसले. तू तेच पुन्हा विचारलंस, ते पुन्हा हसले. मग तू गेलीस. बऱ्याच वेळाने ते मला म्हणाले, "विहीणबाई, पोर काहीतरी मागत होती. दारात आलेलं गिऱ्हाईक आज आपण रिकाम्या हाताने परत पाठवलं." त्या दिवशी ते जेवले नाहीत. नाना जेवले नाहीत ही बातमी धुळ्याच्या वर्तमानपत्रात यायला हरकत नव्हती.

आठवड्याने त्यांचा फोन आला. डिसेंबरात तुम्ही सगळे येणार होतात, त्याच्या आत त्यांना जर्मन यायला हवं होतं, आणि ते मी शिकवायचं होतं. मी म्हटलं, "नाना, मला जर्मन येत नाही."

"इंग्रजी येतं ना?"

"त्याचा काय संबंध?"

"असं कसं? तुम्ही एरंडोलपर्यंत जाऊन आलेल्या. पुढे जळगाव कितीसं राहिलं?"

मी जळगावातच, पिंप्राळ्यात राहते. धुळ्याहून येताना वाटेत एरंडोल लागतं, आणि तिथून जळगाव किती राहतं हे मला चांगलं ठाऊक आहे. पण तो वाद मी तिथेच सोडला. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. हळदीच्या डब्यात हळदच निघते. अशा माणसाला नानांशी वाद घालता येत नाही, कारण त्यांच्या कोणत्या डब्यातून काय निघेल ते त्यांनाही माहीत नसतं.

तरी मी एक वेळापत्रक तयार केलं. सोमवारी रंग, मंगळवारी फळं, बुधवारी घरातल्या वस्तू, असं नीट आखून बसने धुळ्याला घेऊन गेले. पोहोचले तर ओट्यावर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर कॉलनीतली अंगणवाडीच्या वयाची पोरं बसलेली, आणि मधोमध नाना. भिंतीवर पाटी: 'जर्मन वर्ग. लहान मुलांसाठी. मोफत.'

मी त्यांना आत नेऊन विचारलं, "शिकवणार कोण?"

"मी."

"तुम्हांला येतं?"

"येईल ना. म्हातारा एकटा बसून परकं काहीतरी बडबडायला लागला तर लोक वेडा म्हणतील. समोर पोरं बसवली की मास्तर म्हणतात. शिवाय आपल्याला बोलायचंय लहान पोरीशी. हात बसायला लहान पोरंच पाहिजेत."

यात चूक कुठे आहे ते मी अजून शोधते आहे. माझं वेळापत्रक त्यांनी फार आदराने कॅलेंडरशेजारी टांगलं, आणि संध्याकाळी त्याच्या खिळ्यावर आपला चौकडीचा ओला रुमाल वाळत घातला.

त्यांची शिकवण्याची रीत म्हणजे सरळ बाजार. एका पोराला केळं, चमचा, चप्पल असं काहीतरी देऊन विकणारा करायचं, दुसऱ्याला घेणारा. सगळा वर्ग ओरडणार, "काय भाव शे?" भाव म्हणजे त्या वस्तूचं जर्मन नाव. ते बरोबर सांगितलं तर वस्तू मिळणार, चुकलं तर "भाव कमी पडला" म्हणून पुढचं गिऱ्हाईक. आणि नाना दोघांच्या मध्ये, एकदा याच्या कानाशी, एकदा त्याच्या. नाव बरोबर की चूक हे ठरवायला मोबाइलमधली एक बाई होती. नाना तिला हात जोडून विचारायचे, "बाई, परत एकदा सांगा." ती परत सांगायची. कधी मोबाइल अडकला, की ते वर्गाला सांगायचे, "थांबा, आज बाईंची तब्येत बरी नाही."

जर्मनमध्येही वस्तूंना तीन लिंगं असतात, पण ती मराठीशी जुळत नाहीत, हे बाईने सांगितलं, तेव्हा मला वाटलं की आता नाना थकतील. पण ज्याचं आयुष्य गोठ्यात गेलं त्याला तीन म्हणजे काय! त्यांनी तिथल्या तिथे वाटणी केली: बैल, गाय आणि वासरू. "चमचा बैल शे, काटा गाय शे, सुरी वासरू शे," असं पोरं सुरात म्हणू लागली. मी वेळापत्रकासाठी आणलेल्या जर्मनच्या पुस्तकात पाहिलं, तर ते अगदी बरोबर होतं. चमचाच बैल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बाजारात आलेल्या जनावराला तू बैल का, असं कोणी विचारतं का?" एक दिवस एक आई तावातावाने आली. "नाना, तुम्ही माझ्या पोरीला वासरू म्हटलं?" नाना शांतपणे म्हणाले, "मी नाही ताई. जर्मनीवाले बठ्ठ्याच, एकजात सगळ्या पोरींना वासरू म्हणतात. नियमच शे." तेही पुस्तकात बरोबर निघालं; जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्दच नपुंसकलिंगी. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, मी पुस्तकाकडे.

सगळ्यांत अनाकलनीय त्यांची परीक्षा. आठवडा संपला की नाना तोच चौकडीचा रुमाल आपल्या हातावर टाकायचे. एकेका पोराने जवळ बसून रुमालाखाली हात घालायचा. आत बोटं दाबली जायची, सोडली जायची. नाना मान हलवायचे, पोर विचारात पडायचं, पुन्हा दाबायचं. तेवढा वेळ कोणी अवाक्षर काढायचं नाही. मग नाना "झालं" म्हणायचे, आणि पोर पास. गुरांच्या बाजारात पूर्वीपासून सौदा असाच होतो. चार लोकांना भाव कळू नये म्हणून रुमालाखाली बोटांनी ठरवतात. ते मला समजत होतं. पण भाषेच्या परीक्षेत बोलायचंच नाही, हे काय? मी तसं विचारलं.

"तोंडाने भाव सांगतो तो नवखा," नाना म्हणाले. "आधी हात कळला पाहिजे. समोरचा घाईत शे का, घाबरलाय का, त्याला खरंच पाहिजे का. मग बोलायचं."

डिसेंबरपर्यंत कॉलनीची भाषा पार बिघडली. एक पोर काटा जर्मनमध्ये मागायचं, भाकरी अहिराणीत, आणि घास तोंडात घालण्याआधी "काय भाव शे?" असं ओरडायचं. त्याच्या आईने मला काकुळतीला येऊन विचारलं, "आजी, यातलं जर्मन कोणतं?" तोवर मलाही सांगता येत नव्हतं.

नानांनी मात्र तुझ्यासाठी एक आख्खं वाक्य तयार केलं होतं, ईरा. 'माझ्याशेजारी बसतेस का?' एवढाच त्याचा अर्थ. अंघोळ करताना, गाडी पुसताना, देवापुढे, सगळीकडे तेच. मोबाइलमधल्या बाईला ते इतक्या वेळा म्हणून दाखवलं की तीही कंटाळली असेल.

मग तुम्ही आलात. नील, तू कडेवर होतास, तुला काही आठवणार नाही, म्हणून हे तुलाच सांगते. ईरा चार वर्षांची. तिने गेल्या काही महिन्यांपासून बोलणं जवळजवळ सोडलं होतं, हे तुमच्या आईने मला सांगितलं होतं. नानांना सांगायचं धाडस कोणाला झालं नव्हतं; फोनवर 'ईरा झोपली आहे' असं सांगून वेळ मारून नेत होते. आई मराठीत बोलणार, बाबा इंग्रजीत, शाळेतल्या बाई जर्मनमध्ये. या तिघांच्या मध्ये पोरीने गप्प बसायचं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, थांबा, येईल. फाटकात गाडी थांबली आणि ओट्यावरचा सगळा वर्ग जर्मनमध्ये स्वागताला ओरडला. ईरा आईच्या मागे लपली. नाना पुढे झाले, वाकले आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं. इतकं स्वच्छ की तुमचे बाबा चकित झाले. ईराने मान फिरवली. नानांनी पुन्हा म्हटलं. ती रडायला लागली.

नंतरचे काही दिवस नाना घरात पाहुण्यासारखे वावरले. वर्ग बंद. मोबाइल कपाटात. मला एकदा हळूच म्हणाले, "विहीणबाई, माल चांगला होता. गिऱ्हाईकच नाही."

तुम्ही जळगावला माझ्याकडे येण्याच्या आदल्या दिवशी अंगणात भरिताचा बेत केला. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजत होती, धूर डोळ्यांत जात होता, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या होत होत्या, आणि सगळी कॉलनी पोरांसकट जमली होती. ईरा ओट्याच्या कडेला बसलेली. तिने काहीतरी खावं म्हणून सगळे तिच्याभोवती. आई मराठीत विचारते, बाबा इंग्रजीत, वर्गातली पोरं 'काय भाव शे?' म्हणत, वांगी नाचवत जर्मनमध्ये, आणि मी प्रत्येक शब्द सुटा करून शुद्ध मराठीत. पोरीने दोन्ही कान हातांनी झाकले.

"ए, बाजार बंद करा!" नाना ओरडले. असा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते येऊन ओट्यावर तिच्या शेजारी बसले. तिच्याकडे बघितलंही नाही. खांद्यावरचा रुमाल काढून आपल्या हातावर टाकला, आणि हात तसाच मधे ठेवून वांग्यांच्या धुराकडे बघत राहिले.

रुमाल पडताच वर्गातली पोरं एकदम गप्प झाली. त्यांना सवयच होती. त्यांचं बघून मोठी माणसंही गप्प झाली. ईराने कानांवरचे हात काढले. रुमालाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. मग एक हात हळूच आत गेला.

आत काय चाललं होतं ते देवाला ठाऊक. रुमाल हलत होता. नानांनी मान हलवली, म्हणजे जमत नाही. रुमाल पुन्हा हलला. नानांनी फार महाग पडल्यासारखा चेहरा केला. ईरा जरा जवळ सरकली. पुन्हा काहीतरी झालं. शेवटी नाना म्हणाले, "झालं," उठले, आत गेले, आणि भाकरीवर गूळ आणि तूप घालून घेऊन आले. भरीत नव्हे, कोणी नावही न काढलेला गूळ. ईराने तो सगळा खाल्ला, त्यांच्या शेजारी बसून.

"गूळ पाहिजे हे तुम्हांला कसं कळलं?" मी विचारलं.

"तिने मागितला नाही. सौदा झाला."

"कसला सौदा?"

"तो सांगायचा नसतो, विहीणबाई. फुटला की मोडतो."

दुसऱ्या दिवशी जळगावला यायला निघालो, तेव्हा ईरा गाडीत बसेना. पाय रोवून नानांसमोर उभी राहिली, त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाली, "काय भाव शे?" कित्येक महिन्यांनी आम्ही ऐकलेलं तिचं ते पहिलं वाक्य, आणि ते ना मराठीत, ना इंग्रजीत, ना जर्मनमध्ये. तुमची आई रडायला लागली. नानांनी भाव सांगितला नाही. रुमाल तिच्या गळ्यात बांधला आणि पटकन घरात निघून गेले.

आता ईरा, तू तिन्ही भाषांत इतकी बोलतेस की फोनवर मला मधे शब्द घालता येत नाही. श्रेय कोणाचं, यावर तुमचे डॉक्टर आणि नाना यांच्यात मतभेद आहेत. दोघांचंही ऐकून माझा गोंधळ वाढतो. नानांना हल्ली कमी ऐकू येतं. वर्ग चालूच आहे. नवी पोरं, तेच बैल, तीच गाय. पण फोन ठेवायच्या आधी तू तो जुना रुमाल हातावर टाकून पडद्यासमोर धरतेस, आणि इकडे धुळ्यात नाना आपला नवा रुमाल धरतात, हे मी तिथे असले की बघते. थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग नाना "झालं" म्हणतात आणि तुम्ही दोघं हसता. एवढ्या अंतरावर, हात हाताला लागत नसताना, तुमचं काय ठरतं ते मला कळत नाही. मी विचारणारही नाही. फुटला की मोडतो.

फक्त या डिसेंबरात याल, तेव्हा थोडा वेळ माझ्याजवळही बस. मला ती भाषा येत नाही, आणि या वयात कोणी वर्गात घेईल असं वाटत नाही. शिवाय माझ्याकडे चौकडीचा रुमाल नाही, साडीचा पदर आहे. तो चालतो का, तेवढं नानांना विचारून कळव.